दिलेला लॅपटॉप डोंगरात पोहोचेपर्यंत

(पुण्यातील हितचिंतकांच्या सभेत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



सभेनंतर चहाच्या वेळी मला हमखास एक प्रश्न विचारला जातो. "घरी एक जुना लॅपटॉप पडून आहे, वर केंद्रावर चालेल का?" मी म्हणतो, आणा, बघू. पण "बघू" म्हणजे नक्की काय बघतो, हे आजवर मी कधी नीट सांगितलेलं नाही. सेक्रेटरीसाहेबांनी आज त्यासाठी वेळ दिला आहे.

आधी हे सांगतो की साधा घरगुती लॅपटॉप आम्ही शक्यतो वर पाठवत नाही. पुण्याहून धडगाव म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस. शहाद्यापुढे घाट लागतो, आणि धडगावहून पाड्यावर जायचं तर जीप, मोटारसायकल, शेवटी पाय. सिस्टर आणि तिच्या सोबतची कार्यकर्ती वजनकाटा, औषधांची पेटी आणि लॅपटॉप एकाच पिशवीत घालून निघतात. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चार महिने ओल. साध्या लॅपटॉपचा बिजागर तिथे एक वर्ष टिकला तर पुष्कळ.

म्हणून आम्ही रग्ड, म्हणजे दणकट जातीचे वापरलेले लॅपटॉप शोधतो. पॅनासॉनिकचं टफबुक त्यात सर्वांत जुनं नाव, १९९६ सालापासूनचं. डेलचे लॅटिट्यूड रग्ड आणि तैवानच्या गेटॅक कंपनीचेही मिळतात. परदेशात पोलीस, अॅम्ब्युलन्स, लष्कर यांच्याकडे हे असतात. आपल्याकडे गाड्यांच्या कारखान्यांत आणि वर्कशॉपमध्ये इंजिन तपासायला वापरतात. तिथून निवृत्त झाले की ते बाजारात येतात, किंवा कुणा भल्या माणसाच्या मध्यस्थीने आपल्याकडे. दिसायला अगदीच वीटकर. टफबुक सीएफ-३१ जवळजवळ पावणेचार किलोचं आहे. कॉलेजातल्या मुलांनी ते पाहिलं की हसतात. पण त्याचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, हार्डडिस्क धक्के शोषणाऱ्या गादीत बसवलेली आहे, आणि पडदा इतका उजळ होतो की भर उन्हात अंगणात बसून वाचता येतो. साध्या लॅपटॉपच्या चौपट उजेड समजा. अंगणात वाचता येणं ही चैन नाही. पाड्यावरच्या घरात दिवसाही अंधार असतो, त्यामुळे मुलांची वजनं बाहेर, झाडाखालीच होतात.

जाहिरातीत "आयपी ६५" असं लिहिलेलं असतं. यातला सहा म्हणजे धूळ आत जात नाही, आणि पाच म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. पाण्यात बुडवून चालतं असा त्याचा अर्थ नाही. शिवाय ही चाचणी नव्या यंत्राची, सगळी झाकणं बंद असताना केलेली. दहा वर्षं वापरलेल्या यंत्राचं रबर कडक होतं, एखादं झाकण तुटलेलं असतं. म्हणून मी सगळ्यात आधी झाकणं बघतो. बॅटरीचं, डिस्कचं, मागच्या खाचांचं. तुटलेल्या झाकणाचं यंत्र वर गेलं तर ते मोकळ्या पावसात नाही, पण ओल्या पिशवीत नक्की मरतं.

मग ते चालू करतो आणि एफ-२ दाबून बायोसमध्ये जातो. इथेच कित्येक देणग्या अडकतात. बायोस म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी यंत्र जे स्वतःशी बोलतं ते. मोठ्या कंपन्या त्याला पासवर्ड लावतात, आणि यंत्र काढून टाकताना तो काढायला विसरतात. साध्या कॉम्प्युटरमध्ये आतली छोटी बॅटरी काढून ठेवली की कधीकधी तो पासवर्ड जातो. या यंत्रांत जात नाही. तो वेगळ्या चिपमध्ये कायम लिहिलेला असतो. मागे एक सुंदर यंत्र आलं होतं, पडद्यावर ओरखडासुद्धा नाही. पासवर्डसाठी मी फोन केले, पत्रं लिहिली. मूळ कार्यालयात ज्याला तो माहीत होता तो माणूसच नोकरी सोडून गेलेला. आज त्या यंत्राचा कीबोर्ड एका यंत्रात आहे आणि पडदा दुसऱ्या यंत्रात. तेव्हा कंपनीकडून काही मिळवून देत असाल तर त्यांच्या आयटी विभागाला सांगून बायोसचा पासवर्ड आणि चोरी झाल्यास शोधायची सेवा, दोन्ही काढून घ्या. सोबत लेटरहेडवर दोन ओळी हव्यात की हे यंत्र आम्ही तुम्हाला दिलं आहे. घाटात पोलिसांनी पिशवी उघडली तर ते पत्र उपयोगी पडतं.

आता चार्जर. हे ऐकून घ्या, कारण यात यंत्र जळू शकतं. आपल्या घरातल्या बहुतेक लॅपटॉपचा चार्जर १९ किंवा १९.५ व्होल्टचा असतो. टफबुकच्या सीएफ-१९ आणि सीएफ-३१ या मॉडेलांना १५.६ व्होल्ट लागतात. दुसऱ्या कंपनीच्या चार्जरची पिन मात्र त्यात बरोबर बसते, हेच फसवं आहे. यंत्र कधी तो चार्जर नुसता नाकारतं, कधी आतलं काहीतरी जातं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात तर "हा चालून जाईल" म्हणणारे भेटतील. चालून जाईल हा शब्द चार्जरच्या बाबतीत ऐकायचा नाही. चार्जरच्या पोटावर लिहिलेले व्होल्ट आणि यंत्राखालच्या चिकटपट्टीवरचे व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर लिहिलेल्यापेक्षा जास्त असले तरी चालतील, कमी असता कामा नयेत. यंत्र द्याल तेव्हा त्याचा मूळ चार्जर ड्रॉवरमधून शोधून द्या, एवढी विनंती.

बॅटरीबद्दल कुणी खोटं बोलत नाही, पण कुणी खरंही सांगत नाही. "पूर्ण चार्ज होते" हे वाक्य बरोबर असतं. पूर्ण म्हणजे किती, हा प्रश्न असतो. यंत्रच सांगतं की नवी असताना बॅटरीची क्षमता काय होती आणि आज काय आहे. निम्म्याच्या खाली आली असेल तर मी ती केंद्रावरच्या टेबलासाठी ठेवतो, पाड्यावर पाठवत नाही. आणि आकड्यावरही विसंबत नाही. पडदा पूर्ण उजळ करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवतो आणि घड्याळ लावतो. फुगलेली बॅटरी दिसली तर तिथल्या तिथे बाहेर. ती दाबायची नाही, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही.

डिस्क मी नेहमी बदलतो. जुनी फिरणारी डिस्क काढून एसएसडी घालतो. या यंत्रांत डिस्क बाजूच्या झाकणाआडून एका डब्यासकट बाहेर येते, स्क्रू फार नसतात. फक्त डब्यातली पातळ रिबन जपायची. जुन्या डिस्कवर मूळ मालकाची कागदपत्रं असतात. ती मी उघडून बघत नाही, पुसून टाकतो. नंतर मेमरीची चाचणी रात्रभर लावून झोपतो. सकाळी लाल ओळ दिसली तर मेमरी बदलायची, कारण खराब मेमरीचा त्रास महिनाभराने, आणि तोही भलत्याच रूपात दिसतो.

विंडोजचं काय, असं तरुण मंडळी विचारतात. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर चालतं, आणि आपल्याला मिळणारी बहुतेक यंत्रं तिसऱ्या, फार तर पाचव्या पिढीची असतात. म्हणून मी लिनक्स मिंट घालतो. फुकट आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. अडचण एकच येते, ती आपल्याच जुन्या फाइलींची. वीस वर्षांपूर्वीचे अहवाल शिवाजी किंवा श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. सिस्टरला वाटलं व्हायरस आला. ते अहवाल आता एकेक करून युनिकोडमध्ये आणतो आहे, आणि हे काम घरबसल्या करता येण्यासारखं आहे. कुणाला वेळ असेल तर मला भेटा.

लिनक्स घालतानाच सबंध डिस्क कुलूपबंद करतो. वर सिकलसेलच्या तपासणीची नोंद असते. देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि आदिवासी भागात तपासण्या वाढल्या, हे चांगलंच झालं. पण कोणती मुलगी रुग्ण आहे आणि कोणती नुसती वाहक, ही यादी जीपमध्ये विसरलेल्या लॅपटॉपमधून गावात फुटली तर लग्न मोडतात. यंत्र हरवलं तर हरवू दे, यादी बाहेर जाता कामा नये.

आता एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिच्यामुळे आमची तपासायची पद्धत बदलली.

पावसाळ्यात एक यंत्र दोन महिने बंद होतं. मग सिस्टरचा फोन आला. "दादा, यादीतली अर्धी पोरं अजून जन्मलीच नाहीत म्हणतो हा." मला आधी हसू आलं. मग तारीख विचारली. यंत्राच्या कोपऱ्यात २०१० साल होतं.

झालं होतं असं. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये घड्याळासाठी नाण्याएवढी वेगळी बॅटरी असते. ती संपली तरी मोठी बॅटरी किंवा चार्जर लावलेला असेपर्यंत कळत नाही. मोठी बॅटरीही पूर्ण उतरली की घड्याळ मागे जातं. पुण्यात इंटरनेट लागलं की तारीख आपोआप दुरुस्त होते, म्हणून इथे तो दोष दिसतच नाही. डोंगरात रेंज नाही, तिथे तो दिसतो. ज्या मुलांची जन्मतारीख २०१० नंतरची, त्यांचं वय उणे निघालं. ते निदान डोळ्यांत भरलं. खरी भीती दुसरीच. मूल कुपोषित आहे की नाही हे वयाच्या मानाने वजन किती यावरून ठरतं. घड्याळ पंधरा वर्षांऐवजी सहाच महिने मागे गेलं असतं, तर दीड वर्षाचं मूल एक वर्षाचं धरलं गेलं असतं, आणि त्याचं वजन ठीक आहे असं यंत्राने सांगितलं असतं. कुणाला संशय आला नसता. ज्या बाळाला उपचाराला पाठवायला हवं ते घरीच राहिलं असतं.

आपल्या नोंदी वाचल्या, कारण सिस्टर आधी वहीत लिहिते आणि मग लॅपटॉपमध्ये. त्या आठवड्याच्या तारखा वहीवरून पुन्हा भरल्या. वही बंद करा, सगळं डिजिटल करा, असं मला अधूनमधून सुचवलं जातं. मी त्याच्या विरुद्ध आहे आणि राहीन.

तेव्हापासून प्रत्येक यंत्र मी मोठी बॅटरी काढून, चार्जर काढून दोन दिवस कपाटात ठेवतो. तिसऱ्या दिवशी इंटरनेट न लावता चालू करतो. तारीख बरोबर असेल तरच पुढे. चुकली तर घड्याळाची बॅटरी बदलायची. पुष्कळ यंत्रांत तिला दोन वायरी आणि छोटा जोड असतो, तशीच आणावी लागते. शिवाय वजनं भरायच्या पानावर आता सुरुवातीलाच ठळक प्रश्न येतो, "आज ही तारीख आहे का?" कार्यकर्तीने होय म्हटल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

बाकीच्या तक्रारी बहुधा फोनवर सुटतात. झाकणाच्या आत एक छापील कागद चिकटवतो, मोठ्या अक्षरांत. चालूच होत नाही तर चार्जर काढा, बॅटरी काढा, बटण तीस सेकंद दाबून धरा, मग नुसता चार्जर लावून बघा. वायफाय गेलं तर आधी कडेचा सरकता खटका बघा. पिशवीत घासून तो बंद होतो, आणि दहातल्या सात फोनचं उत्तर तेच असतं. बोट लावलं एका जागी आणि बाण भलतीकडे, तर टचस्क्रीनचं माप पुन्हा घ्यायचं, त्याचं चित्र पडद्यावरच ठेवलं आहे. हा पडदा मोबाइलसारखा नाही, जरा दाबावा लागतो. ओल्या हाताने किंवा हातमोजा घालूनही चालतो, म्हणून सिस्टरला तो आवडतो.

एका यंत्राला माझे साधारण आठ-नऊ दिवस जातात, बहुतेक वेळ वाट बघण्यात. त्यामुळे तीन अर्धवट लॅपटॉप देण्यापेक्षा एक धड यंत्र, त्याचा चार्जर आणि नव्या बॅटरीची किंमत दिलीत तर ते वर लवकर पोहोचतं. बॅटरीसाठी देणगी मागताना मला संकोच वाटायचा, कारण बॅटरीवर कुणाचं नाव कोरता येत नाही. आता वाटत नाही.

पुढच्या महिन्यात जीप वर जाणार आहे, तिच्याबरोबर दोन यंत्रं पाठवायची आहेत. ती बाहेर टेबलावर ठेवली आहेत, चहा घेताना उघडून बघा. एकाचं तारखेचं काम अजून व्हायचं आहे, म्हणून त्याला चार्जर लावू नका. आणि कडेची झाकणं नखाने ओढू नका, आधी खटका सरकवा.