दात-ओठ खाऊ नका



आज जबड्याविषयी चार गोष्टी बोलू. तुम्ही म्हणाल, जबड्याचे काय बोलायचे? पण आधी एक करा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा. तोंड उघडा, मिटा. बोटाखाली काही हलते ना? तो जबड्याचा सांधा.

दाराला बिजागरी असते, तसा हा सांधा. पण बिजागरी नुसती फिरते. हा सांधा फिरतो आणि पुढे सरकतोही. हाडावर हाड घासू नये म्हणून मध्ये एक लहान, चिवट चकती असते. जेवताना, बोलताना, जांभई देताना हा सांधा राबतो.

तो बिघडला की कानापुढे, गालात, कानशिलात दुखते. तोंड उघडताना कट-कट वाजते. कधी तोंड पुरते उघडत नाही. नुसते वाजते, दुखत नाही, तर घाबरू नका. दुखू लागले, तोंड अडू लागले, तर मात्र दाखवा.

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. कापूस घरात पडला आहे, भाव नाही. डोक्यावर कर्ज आहे. मुलीचे लग्न जवळ आले आहे. घरधनी बोलत नाही. बाई मुकाट्याने सोसते. दिवसभर तिचे दात घट्ट आवळलेले असतात. तिला ते ठाऊकही नसते. रात्री ती झोपेत दात खाते. सकाळी जबडा जड होतो, डोके ठणकते.

शेजारीण विचारते, "काहून वं बाई, पोटात जंत तं नाही झाले?" कुणी म्हणतो, दाढ काढून टाक. बाई चांगली दाढ काढून घेते. दुखणे तसेच राहते. ते दाढेत नव्हतेच!

आपली भाषा हे जुन्या काळापासून सांगते. रागावलेला माणूस दात-ओठ खातो. भ्यालेल्याची दातखिळी बसते. मनाचा भार जबड्यावर येतो, तो असा. काळजीने मुठी वळतात, दात आवळतात. महिनोन्महिने असे चालले की जबड्याचे स्नायू थकतात आणि दुखतात. झोप उडते. झोप नसली की दुखणे वाढते. दुखण्याने मन आणखी खचते. असे हे रहाटगाडगे फिरत राहते.

अमेरिकेत २००६ सालापासून डॉक्टरांनी सुमारे २७०० माणसांवर काही वर्षे लक्ष ठेवले. सुरुवातीला कुणालाच हे दुखणे नव्हते. पुढे २६० जणांना ते जडले. ज्यांच्या मनावर आधीपासून ताण होता, त्यांना ते जास्त जडले.

पण जबड्याचे प्रत्येक दुखणे मनामुळेच होते, असे नाही. मार लागल्याने, संधिवातानेही सांधा दुखतो. आणि मनामुळे दुखले तरी ते खोटे नसते. कुणी दुखते म्हटले, तर "सोंग करते" असे म्हणू नका.

मग उपाय काय? हे ध्यानात ठेवा : ओठ मिटलेले, दात सुटे. जेवण सोडून इतर वेळी वरचे दात खालच्या दातांना लागू देऊ नका. दुखत असेल तेव्हा खिचडी खा, भाकर वरणात कुस्करून खा. ऊस, फुटाणे काही दिवस नकोत. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने शेका. जांभई आली तर हनुवटीखाली हात धरा. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

तीन गोष्टींत मात्र उशीर नको. खर्रा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जाईनात, तर तो वेगळा रोग असू शकतो. त्यातून कर्करोग होऊ शकतो. खर्रा त्याच दिवशी सोडा आणि तोंड दाखवा. जखमेनंतर जबडा आवळू लागला, तर तो धनुर्वात असू शकतो. जबड्याबरोबर छाती दुखली, घाम फुटला, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. या दोन्ही वेळी लगेच दवाखाना गाठा.

दातांसाठी सावंगी मेघे येथे दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. डॉक्टरांना जबडा दाखवा, आणि झोप लागत नाही, काळजी वाटते, हेही सांगा. त्यात लाज कसली? २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना खास मदत जाहीर केली. त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. हे ओझे एकट्या घराचे नाही.

मन फार खचले, जगणे नको वाटले, तर १४४१६ हा आकडा फोनवर फिरवा. रात्री-बेरात्रीही चालतो. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

आज घरी गेल्यावर एक काम करा. जो मुका झाला आहे, त्याच्याजवळ बसा. विचारा, "काय झालं?" तो बोलू लागला की मधे बोलू नका. ऐकून घ्या. कर्ज त्याने फिटणार नाही. पण आवळलेले दात थोडे सुटतील.

रामराम.