काय येत नाही, ते आधी लिहा

रविवारची दुपार डाइसच्या नावे लिहून दिलेल्या मित्रमैत्रिणींनो,

या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलंत त्याबद्दल आभार. पहिली पंधरा मिनिटं आभारातच घालवायची आपली परंपरा आज मोडतो आणि विषयाकडे वळतो. विषय होमब्रू क्लासचा. घरी रचलेला नवा क्लास, म्हणजे पात्राचा नवा पेशा, टेबलावरच्या बाकीच्यांना झाकोळून न टाकता कसा चालेल, एवढाच माझा प्रश्न आहे.

छापील क्लास तेवढे प्रमाण आणि घरचे म्हणजे हौशी लुडबूड, असं मानणारे आपल्यातही आहेत. त्यांनी सुरुवात आठवावी. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं, तेव्हा त्यात क्लास तीनच होते : फायटिंग-मॅन, मॅजिक-युजर आणि क्लेरिक. त्यातला क्लेरिक आर्नेसनच्या मिनेसोटातल्या ‘ब्लॅकमूर’ खेळातून आला. तिथे एका खेळाडूचा सर फँग नावाचा व्हॅम्पायर इतका माजला की कुणाला आवरेना. त्याला टक्कर द्यायला पिशाच्चं पिटाळणारा धर्मगुरू उभा करावा लागला. म्हणजे क्लेरिक मुळात तोल सावरायला केलेला घरचाच इलाज. पुढे रेंजर, इल्युजनिस्ट आणि बार्ड हे ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेत खेळणाऱ्यांनीच लिहून दिले. तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नका. मात्र जबाबदारी घ्या.

तोल राखायच्या तऱ्हा काळाप्रमाणे बदलल्या. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात प्रत्येक क्लासची किंमतच वेगळी होती. दुसरी लेव्हल गाठायला थीफला साधारण १२५० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागत, मॅजिक-युजरला २५००. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं सगळ्यांना एकच तक्ता दिला आणि मग वरच्या लेव्हलला विझर्ड, ड्रुइड आभाळाला भिडले. ड्रुइडसोबतचं जनावरसुद्धा फायटरच्या तोडीनं लढायचं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं त्याचा बंदोबस्त केला. सर्वांच्या शक्तींना एकच साचा दिला. गणित चोख बसलं, पण सगळे क्लास एकाच चवीचे लागतात अशी तक्रार सुरू झाली. माझ्या मते ती तक्रार थोडी अन्यायाची होती, पण खोटी नव्हती.

आता २०१४ च्या पाचव्या आवृत्तीकडे येऊ, कारण आपल्यातले बहुतेक जण तिच्यावरच घरचे क्लास बांधतात. पाचव्या लेव्हलचे तिघं घ्या, अंगचा मॉडिफायर अधिक ४ धरा आणि प्रत्येक वार लागतो असं समजा. ग्रेटस्वोर्ड घेतलेला फायटर दोन वारांत सरासरी २२ डॅमेज करतो. रेपियर आणि स्नीक अटॅक मिळून रोगचं १९ होतं. एल्ड्रिच ब्लास्टच्या दोन किरणांत, ॲगनायझिंग ब्लास्ट घेतलेल्या वॉरलॉकचंही १९. नवा क्लास करणारा हे आकडे पाहतो, आपल्या क्लासला २१ देतो आणि निश्चिंत होतो. पण विझर्डचा फायरबॉल त्याच लेव्हलला सरासरी २८ देतो, तेही २० फुटांच्या त्रिज्येत सापडलेल्या प्रत्येकाला. सेव्ह जमली तर निम्मं, एवढीच सूट. तरी विझर्ड फायटरला खाऊन टाकत नाही, कारण तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलचे स्लॉट तेव्हा त्याच्याकडे दोनच असतात. तलवारीला स्लॉट लागत नाही.

म्हणजे क्लासची खरी ताकद दिवस किती लांब आहे यावर ठरते. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडनं दोन लाँग रेस्टच्या मध्ये सहा ते आठ मध्यम वा अवघड चकमकी आणि अधूनमधून शॉर्ट रेस्ट धरली आहे. आपल्या टेबलांवर काय होतं? चहा होतो, गप्पा होतात, बाजारात घासाघीस होते आणि संध्याकाळी एकच मोठी लढाई. त्या लढाईत विझर्ड दोन्ही फायरबॉल टाकून मोकळा होतो आणि वॉरलॉक बिचारा शॉर्ट रेस्टची वाट पाहत बसतो. तुमचा क्लास तासाभराच्या विश्रांतीवर पोसला जाणार की रात्रभराच्या झोपेवर, हे पहिल्या पानावर लिहा. डंजन मास्टरला, म्हणजे डीएमला, ते आधी कळलं पाहिजे.

पण केवळ आकड्यांनी सुटेल असा हा प्रश्न नाही. २०१४ चा रेंजर पाहा. डॅमेजच्या हिशेबात तो फारसा मागे नव्हता. तरी तो घेणारे नाराजच राहिले, २०१६ मध्ये त्याचं सुधारित रूप चाचणीला आलं आणि २०२० च्या ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मध्ये त्याला पर्यायी वैशिष्ट्यं मिळाली. नाराजीचं एक कारण म्हणजे आवडता शत्रू आणि आवडता प्रदेश हे दोन्ही डीएमच्या मर्जीवर. जंगलचा वाटाड्या शहरी कारस्थानांच्या मोहिमेत सापडला की त्याची पाटी कोरीच. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. आपल्या प्रदेशात रेंजरची टोळी जादूशिवाय वाट चुकतच नसे. वाट शोधण्याची मजा हवी म्हणून ज्यानं रेंजर घेतला, त्याच्यासाठी वाट शोधण्याचा खेळच नियमानं रद्द केला. तुमच्या क्लासची ज्यात गोडी आहे, ते काम एका ओळीत उरकू नका. खेळाडूला त्यात हात चालवायला जागा ठेवा.

आता घरचं उदाहरण. समजा, कुणी ‘मावळा’ नावाचा क्लास बांधायला घेतला. कडे चढायचा वेग दिला. अंधारात दबा धरून बसण्यासाठी रोगचं कनिंग ॲक्शन दिलं. पाचव्या लेव्हलला फायटरसारखा दुसरा वार, गनिमी हल्ल्यासाठी स्नीक अटॅक, आणि वाटा माहीत असतातच म्हणून रेंजरचं थोडं. एकेक गोष्ट पुस्तकात आहे, एकेकीचं समर्थन करता येतं. पण त्याच टेबलावर रोग घेऊन बसलेल्या मैत्रिणीनं दुपारभर काय करायचं? पाचव्या आवृत्तीच्या मिस्टिक क्लासची गत आठवा. २०१५, २०१६ आणि २०१७ असा तीनदा तो चाचणीला आला. जखमा भरणं, मारणं, लपणं, मनं वाचणं, सगळं त्याला येत होतं. पुस्तकात तो कधीच आला नाही.

म्हणून माझा आग्रह असा की मावळ्याला काय येत नाही ते आधी ठरवा. मोकळ्या मैदानात समोरासमोर तो कच्चा असू द्या, किंवा जड चिलखत घातलं की त्याचे सगळे डाव बंद होऊ द्या. आणि ही मर्यादा खेळताना टोचली पाहिजे. पोहता येत नाही, अशी कागदावरची मर्यादा लिहून वर दोन वार जास्त घेणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आणखी एक : सगळा माल पहिल्या लेव्हलला मांडू नका. २०१७ च्या ‘झनाथर्स गाइड’मधल्या हेक्सब्लेडनं पहिल्याच लेव्हलला शस्त्र करिझ्मावर चालवायची मुभा दिली आणि पॅलाडिन मंडळी एका लेव्हलपुरती वॉरलॉककडे रांग लावून उभी राहिली. तुमचा क्लास कुणी वीस लेव्हलसाठी घ्यावा असं वाटत असेल, तर दुसऱ्या क्लासवाल्यानं एकच लेव्हल घेतली तर काय हाती लागेल, ते आधी तपासा. कॉन्सन्ट्रेशन न लागणारा दीर्घ परिणाम आणि दर फेरीला फुकट बोनस ॲक्शन, या दोन जागी बहुतेक घरगुती क्लास फुटतात. तिथे पेन्सिल जास्त वेळ धरा.

शेवटी विनंती. पुढच्या संमेलनाला तुमचा क्लास जरूर आणा. मात्र आधी तो लिहून अशा टेबलाला द्या, जिथे तुम्ही स्वतः समजावून सांगायला बसलेले नसाल. मग त्या टेबलावरच्या बाकीच्या खेळाडूंना विचारा, त्यांना खेळायला किती मिळालं. त्यांची उत्तरं क्लाससोबत जोडून आणा. आपण आधी ती वाचू आणि मग तुमचा क्लास.