परक्या गाडीचे चाक

जबलपूर हे शहर बाहेरच्या लोकांना भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे आणि धुवाँधारमुळे माहीत असते. आम्हां येथे राहणाऱ्यांना मात्र ते चाकांचे शहर वाटते. तोफांचे गाडे बनविणारा कारखाना येथे १९०४ साली उभा राहिला. सैन्याची वाहने तयार करणारा दुसरा मोठा कारखाना १९६९ साली निघाला. ‘शक्तिमान’ हा लष्करी ट्रक आणि ‘जोंगा’ ही दणकट गाडी यांची नावे या शहराशी कायमची जोडली गेली आहेत. जोंगा हे नाव एखाद्या आफ्रिकी जमातीचे वाटावे असे आहे. पण ते ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरिज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांतील अक्षरे वेचून बनविलेले आहे. मूळ आराखडा जपानच्या निसान कंपनीचा, घडण जबलपूरची. १९९९च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, परंतु सैन्याच्या लिलावांतून खाजगी माणसांच्या हाती गेलेल्या जोंगा आणि जुन्या जीपगाड्या आजही आमच्या रस्त्यांवर गुरगुरताना दिसतात.

माझे आजोबा जुन्या मध्य प्रांताच्या काळी नागपूरहून बदली होऊन येथे आले आणि येथलेच झाले. मी स्वतः सरकारी नोकर. शिक्षण म्हणाल तर संस्कृत घेऊन एम. ए. यंत्रशास्त्राशी माझा संबंध रघुवंशातल्या रथांपुरता. तरीही आज मी मोटारीच्या चाकाविषयी बोलणार आहे, कारण या विषयातले माझे अज्ञान एकदा फार महागात पडण्याच्या बेतात होते.

माझ्या एका बालमित्राने लिलावातली एक जुनी जीप घेतली. तिची मूळ पोलादी चाके गंजून वेडीवाकडी झालेली होती. तशी नवी मिळविण्याची खटपट करण्यापेक्षा, दुसऱ्या एका नव्या गाडीची ॲल्युमिनियमची चाके स्वस्तात मिळतात तर तीच का बसवू नयेत, असे त्याच्या मनाने घेतले. मीही मान डोलावली. स्टड पाच होते, भोके पाच होती, आणि चाक हबवर चढतही होते. मात्र ते फिरू लागताच आतल्या बाजूने पाट्याच्या स्प्रिंगला घासू लागले. रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीने दोन जाड चकत्या एकावर एक ठेवून चाक बाहेर आणले, नट आवळले आणि म्हणाला, “साहब, अब चलेगा.” जीप चाललीही. एका रविवारी आम्ही तिघे, म्हणजे मी, माझा मित्र आणि त्याचा दहा वर्षांचा मुलगा, कान्ह्याच्या जंगलाकडे जाण्यासाठी मंडल्याच्या रस्त्याला लागलो. बरेला मागे पडल्यावर गाडीच्या मागच्या अंगाला एक बारीक थरथर जाणवू लागली. मित्राने गाडी थांबवू का, असे विचारले. “रस्ताच तसा आहे, चल पुढे,” असे मीच म्हणालो. पाच-सात मैलांनंतर गाडी डावीकडे बसली, आणि आमचेच एक चाक आम्हांला मागे टाकून पुढे धावत गेलेले आम्ही पाहिले. ते रस्ता सोडून एका प्राथमिक शाळेच्या भिंतीवर आदळले. रविवार होता; शाळा बंद होती. भिंतीचा गिलावा तेवढा निघाला. मुलगा घाबरून रडतही नव्हता, ते मला अधिक भयंकर वाटले.

त्यानंतर कित्येक दिवस मी या एका विषयाचा पाठपुरावा केला. या शहराचा एक मोठा लाभ असा की, सेवानिवृत्त झालेला कसबी यंत्रकार येथे गल्लीगल्लीत भेटतो, आणि विचारणारा मिळाला की त्याला आनंद होतो. त्यांच्यापाशी बसून आणि पुस्तके चाळून जे उमगले, ते सांगतो.

बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, आरे असतात, धाव असते, आणि आसावरून चाक निसटू नये म्हणून एक खीळ असते. तेथे चाकाला खिळीचा केवळ अटकाव असतो. मोटारीत तसे नाही, आणि आमची पहिली चूक नेमकी येथे होती. आपली समजूत अशी की, गाडीचा भार त्या पाच स्टडवर लोंबकळत असतो. वस्तुतः स्टडचे काम ओढून धरण्याचे आहे. बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडवरचा नट शंभर न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळला, तर तो स्टड चाकाला हबवर सुमारे चार टनांच्या जोराने दाबून धरतो. असे पाच स्टड म्हणजे वीस टन. या दाबामुळे चाकाचा सपाट भाग आणि हबचा सपाट भाग यांच्यात जे घर्षण निर्माण होते, ते चाकाला जागच्या जागी ठेवते. हा दाब कमी झाला की चाक हबवर केसभर सरकू लागते, स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो, आणि वरचेवर वाकविलेली तार तुटावी तसा एक दिवस तुटतो. आम्हांला जाणवलेली थरथर ती हीच होती. रस्त्याचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता.

आता परके चाक आपल्या गाडीला लागते की नाही, हे कशावरून ठरवायचे? नुसती भोके मोजून चालत नाही. सर्व स्टडच्या मध्यबिंदूंतून जाणारे जे वर्तुळ, त्याचा व्यास दोन्हीकडे एकच असावा लागतो. चार किंवा सहा स्टड असले तर समोरासमोरच्या दोन स्टडचे अंतर मोजले की काम झाले. पाच स्टडना समोरचा जोडीदार नसतो. तेव्हा शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधील अंतर घ्यावे आणि त्याला १.७ने गुणावे. जुन्या जीपमध्ये हे वर्तुळ साडेपाच इंचांचे, म्हणजे १३९.७ मिलिमीटरचे असते. मारुती जिप्सीचेही तेवढेच. जीप आणि जिप्सी यांच्या चाकांची अदलाबदल करण्याचा मोह लोकांना होतो तो यामुळेच. परंतु कुंडलीतले गुण जुळले म्हणजे संसार जुळलाच असे नाही. चाकाच्या मधल्या मोठ्या भोकाने हबच्या उंचवट्यावर घट्ट बसावे लागते. भोक मोठे असले तर चाक नेमके मध्यावर बसत नाही, आणि वेग वाढताच गाडी थरथरते. नटाचे बूडही पाहावे लागते. काही नट शंकूच्या आकाराचे, काही गोलसर, काही सपाट बुडाचे असतात. शंकूचा नट गोलसर खळग्यात बसविला, तर तो केवळ एका कडेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण थोड्याच मैलांत सैल होतो.

जुन्या जीपविषयी जाता जाता एक सांगून टाकतो. विलिस घराण्याच्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत. हे ठाऊक नसलेल्या किती मिस्त्र्यांनी सोडविण्याच्या भरात ते आणखी आवळून स्टड मोडले असतील, याची गणती नाही.

या सर्वांहून कठीण गोष्ट म्हणजे चाकाची बैठक. हबला टेकणारा चाकाचा पृष्ठभाग चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर असतोच असे नाही. बहुतेक अलीकडच्या मोटारींत तो मध्यापासून बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो, म्हणून चाक गाडीच्या पोटात शिरते. समजा, तुमच्या मूळ चाकात हे सरकणे दहा मिलिमीटर आहे आणि आणलेल्या चाकात चाळीस. तर नवे चाक तीस मिलिमीटर आत जाईल. स्प्रिंगला, ब्रेकला किंवा सुकाणूच्या दांड्यांना लागेल. मध्ये तीस मिलिमीटरची चकती, म्हणजे स्पेसर घातला, तर चाकाचा मध्य पुन्हा आपल्या मूळ जागी येतो. माझ्या मते स्पेसरचा न्याय्य उपयोग हा एवढाच. बेअरिंगवर पूर्वी जेवढा भार पूर्वीच्या जागी पडत होता, तेवढाच आणि तेथेच पडत राहतो.

परंतु पुष्कळ हौशी लोक एवढ्यावर थांबत नाहीत. गाडी रुंद आणि रुबाबदार दिसावी म्हणून ते चाक मूळ जागेपेक्षाही बाहेर काढतात. चाकावर चारशे किलोंचा भार असेल आणि चाक तीस मिलिमीटर बाहेर गेले असेल, तर बेअरिंगला बारा किलो-मीटरची जादा मुरड सदैव सोसावी लागते; खड्ड्यात ती कित्येक पटींनी वाढते. पुढच्या चाकांच्या बाबतीत तर प्रत्येक दगड सुकाणूला हिसका देतो, आणि टायर मडगार्डच्या बाहेर आल्यामुळे मागून येणाऱ्या सायकलवाल्याला चिखलखड्यांचा प्रसाद मिळतो तो वेगळाच. या रुबाबाबद्दल मला मुळीच सहानुभूती नाही.

स्पेसर दोन जातींचे असतात. एक म्हणजे साधी पातळ चकती. ती मूळ स्टडवरच सरकवायची आणि वरून चाक चढवायचे. तिच्यामुळे स्टडची लांबी जाडीइतकी खर्च होते. नियम असा की, स्टड जेवढा जाड, निदान तेवढ्या खोलीपर्यंत नटाचे आटे त्यावर चढले पाहिजेत. अर्धा इंच जाडीच्या, इंचाला वीस आटे असलेल्या स्टडवर दहा पूर्ण फेरे. आमच्या जीपच्या नटांना दोन चकत्यांपायी जेमतेम साडेचार फेरे मिळाले होते. तुटलेले चाक तपासले, तेव्हा दोन नटांचे आटे सोलून निघालेले आणि तीन स्टड मोडलेले आढळले. आधी दोघांनी धीर सोडला, मग उरलेल्या तिघांवर सगळा प्रसंग आला. एकावर एक चकत्या ठेवणे तर कधीच क्षम्य नाही. प्रत्येक चकती म्हणजे सरकण्याला आणखी एक जागा.

दुसरी जात जाड असते. हा स्पेसर मूळ नटांनी हबला आवळायचा. त्याच्या अंगावर स्वतःचे निराळे स्टड असतात, त्यांवर चाक बसते. वर्तुळाचा व्यास जुळत नसेल तर तो जुळवून घेण्याचीही सोय याच जातीत असते. घ्यायचा तर घडीव ॲल्युमिनियमचा घ्यावा, ओतीव नको. त्याचे मधले भोक आपल्या हबवर घट्ट बसणारे असावे, आणि बाहेरच्या अंगाला चाकासाठी तसाच उंचवटा असावा. आपल्या हबचे मूळ स्टड त्याच्या जाडीबाहेर डोकावता कामा नयेत. ते डोकावले, तर चाक स्पेसरवर न टेकता त्या स्टडच्या डोक्यांवर टेकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बसविताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून धातू उघडा करावा. जाड रंगाचा थर मध्ये राहिला, तर तो दबून चेपतो आणि दाब उतरतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितले नसेल तर आट्यांना तेल लावू नये. तेलामुळे तेवढ्याच पिळाने स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो. नट समोरासमोरचे, ताऱ्याच्या आकृतीच्या क्रमाने, आणि टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच आवळावेत. पान्याला नळी लावून त्यावर उभे राहण्याची आपल्याकडची रीत शूरपणाची असली तरी स्टडला मानवत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर चाक काढून आतले, स्पेसरचे नटही पुन्हा तपासावेत. बाहेरचे नट सर्वांना दिसतात. आतले चाकाच्या आड असतात, म्हणून विसरले जातात.

मी सरकारी माणूस असल्यामुळे कायद्याचा उल्लेख टाळता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, निर्मात्याने मुळात दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून, उत्तर लेखी घ्यावे. कार्यालयात तोंडी मिळालेल्या उत्तराची किंमत काय असते, हे माझ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

माझ्या मित्राला मी सांगितले की, मूळ मापाची पोलादी चाके शोध आणि हा नाद सोड. तो ऐकणारा नव्हता. सहा महिने त्याने मापे घेण्यात घालविली, लेखी परवानगीची वाट पाहिली, एका जाणत्या यंत्रकाराकडून हबच्या मापाचे स्पेसर करवून घेतले आणि पाचही स्टड सगळ्या चाकांवर नवे घातले. चाकाचा मध्य मूळ जागेपासून दोन मिलिमीटरसुद्धा हललेला नाही, हे त्याने मला फूटपट्टी लावून दाखविले. मग पुन्हा मंडल्याचा रस्ता. मुलगा या वेळी मागे बसायला तयार नव्हता. तो पुढे, माझ्या शेजारी बसला. शाळेच्या त्या भिंतीला आमच्या पैशांनी नवा गिलावा झाला होता. तेथून जाताना तिघेही गप्प होतो.

मंडल्याला पोहोचल्यावर नर्मदेच्या काठी सावलीत गाडी उभी केली, जॅक लावला आणि चारही चाके उतरविली. एकोणीस नट जसेच्या तसे होते. मागच्या डाव्या हबवरचा आतला एक नट पाव फेरा फिरला. मुलाने टॉर्क पाना माझ्या हातातून घेतला, खटका ऐकू येईपर्यंत तो नट स्वतः आवळला, आणि मग बाकीचे एकोणीसही एकेक करून पुन्हा तपासले.