जिभेवरील पांढरे चट्टे : दुर्लक्ष नको, संशयही नको

(सदलगा येथील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, प्रसिद्धी खात्याचा सेवक आहे. तज्ज्ञांनी सांगितलेले सोप्या शब्दांत आपणापर्यंत पोहोचविणे, एवढेच माझे काम.

जिभेवर वा गालाच्या आतील बाजूस कधी कधी दह्याच्या गुठळ्यांसारखे पांढरे चट्टे येतात. ते पुसले असता निघतात व खालचा भाग लालसर दिसतो. ‘कँडिडा’ नावाच्या बुरशीमुळे हा विकार होतो. ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडातही असते. परंतु शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरते. ती शक्ती क्षीण झाली, की बुरशी फोफावते.

तान्ह्या बाळांत ही शक्ती पुरती तयार झालेली नसते, म्हणून त्यांच्या तोंडात असे चट्टे पुष्कळदा दिसतात. त्यावर मध वा टाकणखार लावू नये. दोन्ही अर्भकास अपायकारक ठरू शकतात. मोठ्या माणसांत आटोक्यात नसलेला मधुमेह, प्रतिजैविक औषधे, रात्रंदिवस न काढलेली कवळी, कर्करोगावरील उपचार ही कारणे असतात. दम्यासाठी स्टेरॉइडचा फवारा घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरावी.

यांपैकी काहीच नसता धडधाकट माणसास चट्टे आले, तर एचआयव्हीची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत एड्सची पहिली नोंद झाली, तेव्हा लॉस एंजेलिसच्या त्या पाचही तरुण रुग्णांना कँडिडाचा संसर्ग होता. मात्र चट्टा दिसला म्हणजे एचआयव्ही झालाच, असे मुळीच नव्हे. ते रक्ततपासणीच सांगू शकते. सरकारी केंद्रांत ही तपासणी व औषधोपचार विनामूल्य असून नाव गुप्त राखले जाते. २०१७ च्या कायद्यान्वये एचआयव्हीबाधितास नोकरीत वा शाळेत भेदभावाने वागविता येत नाही. शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आपला निपाणीचा परिसर तंबाखूचा. तंबाखू, मिश्री वा विडी यांमुळे उठणारा पांढरा चट्टा निराळा; तो पुसून निघत नाही व बहुधा दुखतही नाही. दुखत नाही म्हणून माणूस स्वस्थ बसतो आणि काहींच्या बाबतीत पुढे तेथेच कर्करोग उद्भवतो. दोन आठवड्यांत न जाणारा कोणताही चट्टा दंतवैद्यास दाखवावाच.

बुरशीवर औषध आहे. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन यांनी ‘निस्टॅटिन’ हे बुरशीनाशक शोधले. राज्याच्या नावावरूनच त्याचे नाव पडले. आज याहूनही अनेक औषधे उपलब्ध आहेत. परंतु चट्टा गेला तरी मूळ कारण शोधावयाचे राहता कामा नये. गिळताना दुखू लागले, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

घरात कुणाच्या जिभेवर असा चट्टा दिसला, तर कुजबुज न करता त्यास सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जावे, एवढीच माझी विनंती आहे.