कंद पोटाला, रंग डोळ्याला
(मंडळाच्या वर्धापनदिनी वीर येथे केलेले भाषण)



 दूरच्या गोष्टी सांगण्यापेक्षा आपल्या परसातल्या आणि वरकस जमिनीतल्या कंदांविषयीच बोलावे, असे मी ठरविले आहे.

रताळी, सुरण, कणगर, कोनफळ, करांदे, अळकुड्या ही नावे आपल्या महाड-पोलादपुराकडे कोणाला सांगावी लागत नाहीत. पावसाळ्यात लावलेली रताळी थंडीत निघतात, उकडून मुलांच्या हाती दिली की पोट भरते, उपवासालाही चालतात. परंतु पोट भरणे निराळे आणि पोषण होणे निराळे. भातात काय किंवा पांढऱ्या रताळ्यात काय, पिष्ट पुष्कळ. 'अ' जीवनसत्त्व मात्र जवळजवळ नाही.

हे जीवनसत्त्व कमी पडले की काय होते? दिवसा नीट खेळणारे मूल दिवेलागणीला अडखळू लागते, ताटातला घास चाचपडू लागते. हाच रातांधळेपणा. पुढे डोळ्यांतील ओल जाते, पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात. येथवर उपचार झाला तर मूल सावरते. बुबुळ विरघळू लागले की गेलेली दृष्टी परत येत नाही. गोवर आणि हगवणही अशा मुलाला फार जड जातात. गरोदरपणी संध्याकाळी दिसेनासे झाले तर "दिवस गेलेत, असे व्हायचेच," असे म्हणून कोणी बसू नये. त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

आपल्या देशात १९७० सालापासून मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची सरकारी योजना आहे. नवव्या महिन्यात १ लाख युनिटांचा पहिला डोस, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाखांचा, असे एकूण ९ डोस. हे चुकवू नका. मात्र ते औषध आहे. गरोदर बाईने मनाने कधीही घेऊ नये, पोटातल्या गर्भाला अपाय होतो. भाजीपाल्यातून मिळणाऱ्या रंगद्रव्याचे तसे भय नाही.

ते रंगद्रव्य कॅरोटीन. आपले शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते. गाजर, पिकलेली पपई, आंबा, लाल भोपळा यांचा पिवळा-नारिंगी रंग त्याचाच. माठ, अळू, शेवग्याचा पाला यांतही ते भरपूर असते, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेले. म्हणजे अळकुडी पोट भरते आणि तिचेच पान डोळे राखते. रताळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडेही भाजीला चालतात. आपण ते गुरांपुढे टाकतो! कॅरोटीन अंगी लागावयास थोडी स्निग्धता हवी. अळवाच्या फतफत्यात फोडणी, शेंगदाणे, खोबरे घालणाऱ्या आपल्या आज्या शहाण्याच होत्या.

रताळ्यातही नारिंगी गराची जात आहे. तिरुवनंतपुरम् येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंद-पीक संशोधन संस्थेने 'भू सोना' नावाची जात काढली. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. आफ्रिकेत मोझांबिक, युगांडा या देशांत अशाच रताळ्यांचे वेल घरोघरच्या आयांपर्यंत पोचविले गेले. त्या कार्याबद्दल मारिया आंद्रादे, जॅन लो आणि रॉबर्ट म्वांगा यांना, हॉवर्थ बुइस यांच्यासह, २०१६ सालचे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. बाजारात घेताना मात्र सालीच्या रंगाला भुलू नका. लाल सालीचे रताळे आत पांढरे निघते. कापून गर पाहा.

आता थोडे कटू बोलते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला रोज ८४० मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व लागते, अंगावर पाजणारीला ९५०. बायकांत सर्वांत अधिक गरज तिची. आणि पातेल्यात तळाशी उरलेला रस्सा तिच्याच वाट्याचा! काही घरांत बाळंतिणीचा पहिला पिवळा चीक "जड" म्हणून अजूनही पिळून टाकतात. त्या पिवळेपणात हेच द्रव्य असते. बाळाची ती पहिली शिदोरी मातीत जाऊ देऊ नका. सासूबाईंनी मनावर घेतले तर या दोन्ही गोष्टी उद्यापासून बदलतील, आणि खर्च एका पैचाही नाही.

शेवटी एक सूचना. मंडळाने दापोलीच्या कृषि विद्यापीठाकडे नारिंगी रताळ्याच्या बेण्याची चौकशी करावी. मिळाले तर एकीच्या परसात लावून वेल वाढवावा आणि पुढल्या पावसाळ्यात प्रत्येकीला चार-चार तुकडे द्यावेत. वेल वाटल्याने कमी होत नाही. तोवर अळू आणि शेवगा दाराशी आहेतच. त्यांची भाजी वाढताना पहिली वाटी गरोदर सुनेची आणि लहानग्याची काढून ठेवा.