पेठेतले बिऱ्हाड

पुण्याच्या पेठेत भिंतीपलीकडच्या खोकल्यावरून शेजाऱ्याची प्रकृती समजत असे. पेशवेकाळापासून कात्रजच्या तलावाचे पाणी कित्येक वाड्यांच्या हौदांत येई. बिऱ्हाडांची भांडणे तेथेच होत आणि तेथेच मिटत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे कोसळले. जे उरले, त्यांची भाडी १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठली होती. मालकांनी डागडुजी सोडली. दोष एकट्या मालकांचा नव्हे, हे भाडेकरूही खासगीत मान्य करीत. आता तेथे इमारती उभ्या आहेत. शौचालय घरात आले, ही सोय लहान नव्हे. मात्र वाड्यात आजींचे दार सकाळी उघडले नाही, तर चौकातून हाक जाई. आता सर्वांचीच दारे बंद असतात.