कायद्याचं नियतकालिक आणि आपली आयपीए



विद्यापीठातून कायद्याचं नवं नियतकालिक निघालं की कामगार म्हणतो, "आपला काय संबंध?" संबंध आहे.

आजचं 'सिंगापूर जर्नल ऑफ लीगल स्टडीज' १९५९ साली वेगळ्या नावाने सुरू झालं. २०११ मध्ये 'एशियन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ' आलं. अशा अंकांत प्राध्यापक कोर्टाचे निकाल तपासतात आणि वकील ते लेख वाचून युक्तिवाद करतात.

२०१७ मध्ये एका परदेशी कामगाराच्या पगाराच्या दाव्यात इथल्या हायकोर्टाने सांगितलं, की आयपीएत, म्हणजे वर्क परमिटच्या मंजुरीपत्रात लिहिलेला मूळ पगार खरा धरायचा. पगार कमी ठरला होता, असं मालक म्हणत असेल तर ते त्याने सिद्ध करायचं.

हे कळलं, कारण निकाल छापला गेला. पण आपले कितीतरी तंटे समेटातच मिटतात. एम्प्लॉयमेंट क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये वकील नसतो, सुनावणी बंद दाराआड होते. मग मालकाची तीच चलाखी पुढच्या माणसावरही चालते.

म्हणून नवं नियतकालिक काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे: नावं झाकून हे तंटेही छापा. आणि निकालाचा सारांश तमिळ, बंगाली, हिंदी, मराठीत द्या.

तुम्हाला एकच सांगतो. आयपीएचा फोटो आजच घरी पाठवून ठेवा. नोकरी सुटली तर पगाराचा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.